सोलापूर ते लुसैल: वाळवंटातल्या रात्रीच्या शर्यतीचे दिवस

कतारच्या लुसैल सर्किटवर मोटारसायकली 2004 पासून धावतायत, पण फॉर्म्युला वनसाठी ते नवंच म्हणायचं. 2021 मध्ये एकदा शर्यत झाली, 2022 हे फुटबॉल विश्वचषकात गेलं. 2023 साठी पॅडॉकची (संघांच्या मुक्कामाच्या जागेची) नवी इमारत, नवे पिट (शर्यतीत गाड्यांची चाकं बदलतात ती जागा) आणि ट्रॅकवर नवं डांबर अशी सगळी तयारी करून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शर्यत ठरली. ती बघायला सोलापूरहून गेलेल्या टोळक्यात एक गॅरेजवाला, एक डाळिंब बागायतदार, पूर्व भागातला एक यंत्रमागवाला आणि बाकी टीव्हीवर शर्यती बघून तयार झालेली मंडळी होती. निघताना प्रत्येकाच्या घरचे एकच सांगत होते, आपल्याला उन्हाचं काय कौतुक, मे महिना काढणारी माणसं आपण. हा हिशेब लुसैलला चुकतो. का चुकतो, ते पुढे येईलच.

बुधवार: सोलापूर, मुंबई, दोहा

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबई, तिथून साडेतीन तासांच्या आसपास विमान, की दोहा. पूर्व भाग, अक्कलकोट किंवा उमरग्याकडच्यांनी हैदराबादचाही विचार करावा. रस्ता सरळ आहे आणि तिथूनही दोह्याची थेट विमानं आहेत. घड्याळ अडीच तास मागे करायचं.

भारतीय पासपोर्टवर कतारला 30 दिवसांपर्यंत आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण परतीचं तिकीट, हॉटेलचं पक्कं बुकिंग, सहा महिने वैध असलेला पासपोर्ट आणि प्रवासी आरोग्य विमा जवळ असू द्या. हॉटेलचं बुकिंग कोणत्या मार्गाने केलेलं चालतं याचे नियम बदलत राहतात, तेवढे निघण्याच्या आठवड्यात वाचून घ्या. रियाल तेव्हा साधारण 23 रुपयांना होता. प्लग जाड चौकोनी तीन पिनांचा लागतो.

खाण्याचं सामान म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांना तोड नाही. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, पण बॅगेत तिचा चुरा होतो. स्टीलच्या डब्यात तळाला टॉवेल, मग भाकऱ्या, वर पुन्हा टॉवेल, असं भरलं तर शाबूत पोहोचते. चटणी दुहेरी पिशवीत घालून चेक-इनच्या बॅगेत ठेवायची. मसाल्यात किंवा लाडवात खसखस मात्र नको, आखातात ती चालत नाही. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांवरही तिथे बंदी आहे, तेव्हा रोजच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

विमानतळाच्या आत सगळं थंडगार. बाहेरचं दार उघडलं आणि चष्मेवाल्यांच्या काचा एका झटक्यात पांढऱ्या झाल्या. संध्याकाळ होती, ऊन कधीच उतरलं होतं. सोलापुरातून आलेल्या माणसाला दोह्याची पहिली ओळख अशी होते.

गुरुवार: बाग आणि बाजार

शर्यतीच्या आधीचा दिवस मोकळा ठेवावा, कारण पुढचे तिन्ही दिवस दुपार ते मध्यरात्र सर्किटवर जातात. त्याच आठवड्यात, 2 ऑक्टोबरला, अल बिद्दा पार्कमध्ये एक्स्पो 2023 सुरू झालं होतं. विषय बागायती आणि वाळवंटातली हिरवळ. आमचे डाळिंबवाले तिथून हलेचनात. वाळूत पाणी थांबत नाही, म्हणून थोडं थोडं आणि वारंवार द्यायचं, वर आच्छादन टाकायचं, हे त्यांना नवं नव्हतं. त्यांना खुपलं ते पाण्याचं मोल. या देशात नदी नाही, पिण्याचं बहुतेक पाणी समुद्राचं गोडं करून मिळवतात. ठिबकच्या एकेका नळीजवळ ते ज्या आदराने वाकत होते, त्यावरून उजनीच्या पाळीची वाट बघणारा माणूस लगेच ओळखू यावा.

संध्याकाळी सूक वाकिफ. हा जुना बाजार नव्याने बांधून काढलाय, पण मसाल्यांचे ढीग, पिंजऱ्यातले पक्षी आणि ससाण्यांची दुकानं खरी आहेत. शिकारी ससाणा डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून दांडीवर बसलेला असतो. हात लावायचा नाही, फोटो विचारून काढायचा. जेवणात मच्बूस घ्या: मांसाच्या रश्श्यात शिजवलेला भात, त्यात सुकं लिंबू. आपल्या जिभेला तिखट कमी लागतं, चटणीची पुडी इथे पहिल्यांदा उघडली गेली.

खरी चैन करक चहाची. केरळी माणसाची टपरीवजा दुकानं गल्लोगल्ली आहेत. गाडीतून उतरायचंही नसतं, हॉर्न दिला की पोरगा कपातला चहा घेऊन येतो. वेलदोडा, दाट दूध, भरपूर साखर. सोबत गरम पराठ्यात चीज गुंडाळून देतात. दोघांचं पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही. सर्किटच्या आत खाणं महाग असतं, म्हणून दुपारचं जेवण अशाच दुकानात उरकून निघावं.

शुक्रवार: वाळू आणि पोल

शुक्रवार-शनिवार हा कतारचा शनिवार-रविवार. शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते, वेळ आधी बघून ठेवा. रेड लाइनचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन लुसैल क्यूएनबी, तिथून सर्किटपर्यंत शर्यतीच्या बसेस. कार्ड काढून घेतलं की एका प्रवासाला 2 रियाल पडतात. गाडीला ड्रायव्हर नाही, म्हणून सगळ्यात पुढच्या काचेशी पोरांची झुंबड असते. आणि पोरं म्हणजे चाळिशीतलीसुद्धा.

बसच्या ड्रायव्हरचं हिंदी जरा अडखळत होतं. आमच्या यंत्रमागवाल्याने सरळ तेलुगूत विचारलं, ऊरु (गाव) कुठलं. माणूस निजामाबादकडचा निघाला. त्याच्या नात्यातले लोक सोलापुरात मागावर होते. मग त्याने न विचारता जी माहिती दिली, ती तिकिटासोबत आलेल्या कुठल्याच कागदावर नव्हती: रात्री शर्यत संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बसच्या रांगेत उभं राहू नका. झेंडा पडताच सगळे एकदम निघतात. आत बसून पाणी प्या, गर्दी ओसरू द्या, मग निवांत या. तिन्ही रात्री हाच सल्ला कामी आला.

सर्किट 5.419 किलोमीटरचं, 16 वळणांचं, त्यातली 10 उजवी. सरळ रस्ता एक किलोमीटरहून थोडा मोठा, बाकी जमीन सपाट आणि वळणं पसरट, वेगाची. ट्रॅकच्या कडेला हिरवळ दिसते ती खोटी, कृत्रिम गवत आहे. ते शोभेला नाही, वाळू ट्रॅकवर सरकू नये म्हणून अंथरलंय. बहरीनला 2004 मध्ये पहिल्यांदा शर्यत झाली तेव्हा ट्रॅकच्या भोवतालच्या वाळूवर चिकट द्रव फवारून ती बसवली होती. उपाय कुठलाही करा, वारा सुटला की बारीक धूळ येतेच.

ती शुक्रवारी साडेचारच्या सराव सत्रात डोळ्यांनी दिसली. गाड्या बाहेर पडल्या तशा मागे धुळीचे लोट उठत होते आणि नावाजलेले ड्रायव्हर वळणावर घसरत होते. कारण दुहेरी. डांबर नवं, त्यावर रबर बसलेलं नाही, आणि वर धुळीचा थर. गाड्या धावत जातात तशी त्यांच्या मार्गावर रबराची काळी पट्टी बसते आणि पकड वाढते. पट्टीपासून हातभर बाहेर गेलं की पुन्हा वाळू. त्यामुळे अशा ट्रॅकवर पहिल्या सत्राचे आकडे मनावर घेऊ नयेत. शिवाय स्प्रिंटचा, म्हणजे शनिवारी एक छोटी शर्यतही असलेला आठवडा, म्हणून सराव एकच, तोही सूर्य मावळताना. शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणारी पात्रता फेरी रात्री आठला, अंधारात, वेगळ्या तापमानात. संघांना गाडीची मांडणी जवळजवळ अंदाजानेच ठरवावी लागली.

दिव्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं. 2008 मध्ये मोटारसायकलींची पहिली रात्रीची ग्रां प्री इथेच झाली, तेव्हापासूनची ही सोय. ग्रँडस्टँडवरून वाटतं की ट्रॅकवर दुपार आहे आणि बाकी जगात रात्र. मोबाइलच्या कॅमेऱ्याला हे झेपत नाही. फोकस आणि प्रकाश हाताने लॉक करा, शटर वेगवान ठेवा, आणि दोन-चार फोटो झाले की मोबाइल खिशात टाका.

पोल, म्हणजे सगळ्यांत पुढून सुटायची जागा, मॅक्स व्हर्स्टापेननं घेतली. त्यापेक्षा मजा पुढे झाली. मॅक्लारेनच्या लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्त्री या दोघांच्या वेळा ट्रॅकची हद्द दाखवणारी पांढरी रेघ ओलांडल्यामुळे रद्द झाल्या आणि रसेल-हॅमिल्टन ही मर्सिडीजची जोडी दुसरी-तिसरी आली. स्टँडमध्ये शेजारी कोळिकोडचं एक कुटुंब होतं, आईसकट सगळे हॅमिल्टनचे भक्त. निकाल बदलल्याचं मोठ्या पडद्यावर दिसायच्या आत त्यांच्या मुलीने मोबाइलवरच्या लाइव्ह टाइमिंगवर ते पाहिलं आणि सगळी रांग ओरडली. हे अॅप घरूनच घालून न्या. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला कोण कितव्या नंबरवर आहे ते पाचव्या लॅपनंतर (फेरीनंतर) कळेनासं होतं.

शनिवार: टायरच्या पोटातलं दुखणं

सकाळी चहाच्या दुकानातच बातमी आली. शुक्रवारी वापरलेले टायर ते पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने तपासले आणि काहींच्या साइडवॉलमध्ये (बाजूच्या भिंतीत) आतले धागे आणि त्यांवरचं रबर सुटायला लागलेलं आढळलं. बाहेरून टायर ठणठणीत.

आमच्या गॅरेजवाल्याला हे फोड करून सांगायला लागलं नाही. खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेला जोरात चाक आपटलं की आपल्याकडे टायरला फुगा येतो, तोच प्रकार. वरचं रबर शाबूत, आतले धागे गेलेले. फरक इतकाच की इथे एकच दणका नव्हता. लुसैलच्या वळणांच्या बाहेरच्या कडेला जे कर्ब, म्हणजे उंचावलेले काठ, आहेत, त्यांवर 50 मिलिमीटर उंचीचे पिरॅमिडसारखे टोकदार उंचवटे आहेत. वेगाच्या वळणात गाडी सरळ रेषेत काढायची तर चाक त्या कर्बवर जाणारच, आणि 12-13 व्या वळणाला ते बराच वेळ तिथेच राहतं. ताशी दोनशेच्या पुढे सेकंदाला कित्येक ठोके साइडवॉलवर बसतात. उजवी वळणं जास्त, म्हणजे भार डाव्या बाजूला, त्यामुळे डावे टायर सर्वांत आधी कुरकुरतात. 2021 मध्येही इथे बोटास, नॉरिस, रसेल आणि लतीफी यांचे पुढचे डावे टायर गेले होते. पिरेलीने आणले होते ते त्यांचे कठीणातले तीन प्रकार, सी1 ते सी3. त्याहून कठीण एकच, सी0, उरला होता.

उपाय म्हणून 12 आणि 13 या वळणांवर पांढरी रेघ 80 सेंटिमीटर आत आणली, म्हणजे गाड्या कर्बपासून लांब राहतील, आणि नवी रेघ समजून घ्यायला ड्रायव्हरांना जादा दहा मिनिटं दिली. ही दहा मिनिटं स्टँडवरून बघण्यासारखी होती. जगातले सर्वोत्तम ड्रायव्हर शिकाऊ लायसन्सवाल्यांसारखे हळूहळू रेघ चाचपत जात होते.

रात्रीची स्प्रिंट 19 लॅपची. पहिल्याच लॅपला एक गाडी वाळूत, म्हणून सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार पुढे. मग दुसरी, पुन्हा सेफ्टी कार. मऊ टायरवाले सुरुवातीला पुढे पळाले, रसेलनं आघाडीही घेतली, पण त्यांचे टायर लवकर बसले आणि मीडियम (मध्यम) टायरवर असलेल्या पियास्त्रीनं स्प्रिंट मारली. मधेच पेरेस, ओकॉन आणि हुल्केनबर्ग एकमेकांत अडकले आणि गुणांत सर्वांत जवळचा असलेला पेरेस बाहेर पडताच व्हर्स्टापेनचं तिसरं विश्वविजेतेपद ट्रॅकवरच पक्कं झालं. आपल्या डोळ्यांसमोरून जाणारा व्हर्स्टापेन पहिल्या नंबरवर नसतानाच जगज्जेता झालाय, हे कळायला स्टँडला थोडा वेळ लागला. नारंगी टी-शर्टवाले डच लोक मग रात्री मेट्रोतही गात होते, त्यांच्या आवाजात आमच्यातल्या दोघांनी ‘गणपती बाप्पा मोरया’ मिसळून दिलं. डच मंडळींनी तेही गायलं.

इथे तिकिटाबद्दल. लुसैल हिल ही सामान्य प्रवेशाची टेकडी, सतरंजी अंथरून बसायचं, स्वस्त. आमच्यातल्या तरण्या पोरांनी तीच घेतली होती. ट्रॅकचा लांब तुकडा एका नजरेत येतो आणि गाडीचा वेग तिथून जास्त जाणवतो, पण सावली नाही आणि पिट दिसत नाहीत. मुख्य ग्रँडस्टँड महाग, तिथून सुरुवातीचा ग्रिड (गाड्या सुटण्याआधी रांगेत उभ्या राहतात ती जागा) आणि पिट समोर. एरवी आमचं मत टेकडीच्या बाजूने पडलं असतं. टायरच्या नियमाने ते रविवारपुरतं उलटलं.

रविवार: 57 लॅप

सकाळी नियम पक्का झाला: टायरचा एक नवा सेट जास्तीत जास्त 18 लॅप. आधी वापरलेल्या सेटचे लॅप त्यातून वजा. 57 ला 18 ने भागा, तीन सेट पुरत नाहीत. म्हणजे प्रत्येकाला निदान तीनदा पिटमध्ये यावंच लागणार.

रविवार तिथे कामाचा दिवस. त्यामुळे दुपारी सर्किट ओस आणि सहानंतर ऑफिसच्या कपड्यांतली गर्दी. त्यात भारतीय किती असावेत? बसमध्ये चढलो तर अर्ध्या लोकांच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर चेन्नई. विश्वचषकात भारत-ऑस्ट्रेलिया त्याच दिवशी होतं. 200 धावा हव्या असताना आपण 2 धावांत 3 गडी गमावून बसलो होतो आणि नंतर कोहली-राहुलनं डाव सावरला होता. सर्किटच्या गेटवरची झडती घेणारा मलबारी पोरगा प्रत्येकाला आधी स्कोअर विचारत होता, मग पिशवी उघडायला सांगत होता. कोहली 85 वर बाद झाला तेव्हा पाण्याच्या रांगेतून हळहळ उठली. शर्यतीच्या बऱ्यापैकी आधी मॅच जिंकून झाली, राहुल नाबाद 97, आणि ग्रँडस्टँडमध्ये असा जल्लोष झाला की पुढच्या रांगेतलं इटालियन जोडपं ट्रॅकवर काय झालं म्हणून उभं राहून बघायला लागलं.

आता त्या उन्हाच्या हिशेबाकडे. आठ वाजता हवेचं तापमान 31-32 अंशांच्या आसपास. सोलापुरात मे महिन्यात रात्री आठला यापेक्षा जास्त असतं. पण आपली हवा कोरडी. घाम येतो आणि उडून जातो, उडताना अंग गार करतो. लुसैलला समुद्राची दमट हवा, घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. याचा साधा पुरावा टॉवेल. ओला सोलापुरी टॉवेल मानेवर टाकला की आपल्याकडे दहा मिनिटं गार वाटतं आणि थोड्या वेळात तो वाळतो. तिथे तो तासाभराने तसाच ओला, वर कोमट. तेव्हा टॉवेल भिजवायचा तर बर्फाच्या पाण्यात, आणि दर अर्ध्या तासाला. मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसच्या पुड्या न्याव्यात. नुसतं पाणी ढोसून डोकं दुखायचं थांबत नाही. सुती कपडे घाला, जीन्स नको.

हे बसून बघणाऱ्यांचं झालं. आत बसलेल्यांच्या अंगावर आगीपासून वाचवणारे थरावर थर, हेल्मेट, मागे तापलेलं इंजिन, आणि कॉकपिटमध्ये पन्नास अंशांच्या पुढे.

शर्यत सुटायच्या आधीच सैन्झची फेरारी इंधनाच्या गळतीमुळे बाद झाली. सुटली तशी पहिल्याच वळणावर हॅमिल्टननं बाहेरून घुसायचा प्रयत्न केला, स्वतःच्याच संघातल्या रसेलला घासला, मागचं उजवं चाक गेलं आणि गाडी वाळूत. कोळिकोडच्या आईंनी चटणी-भाकरीचा घास हातातच धरून ठेवला होता, तो डब्यात परत ठेवला. वर हॅमिल्टन ट्रॅक ओलांडून चालत आला म्हणून त्याला 50 हजार युरोचा दंड, त्यातला निम्मा तहकूब.

त्यानंतरचा खेळ पिटचा. शर्यतीत एकूण पन्नासाच्या वर पिट स्टॉप झाले, आणि मुख्य ग्रँडस्टँडचे पैसे तिथे वसूल. एक स्टॉप नीट बघायचा तर गाडी नाही, माणसं बघा. प्रत्येक चाकाला तिघे: एकाच्या हातात गन, एक जुनं चाक ओढणार, एक नवं बसवणार. पुढे-मागे जॅकवाले, मधे गाडी धरून ठेवणारे, पुढच्या पंखाशी दोघे. चाकाला नट एकच. गाडी थांबायच्या आधीच गन नटावर टेकवायला निघालेली असते, गाडी रेघेवर इंचभर मागेपुढे थांबली तर चौघांनाही सरकावं लागतं आणि सगळा वेळ तिथेच जातो. 2010 पासून पेट्रोल भरणं बंद आहे, त्यामुळे वेळ ठरतो तो फक्त चाकांवर. त्या रात्री मॅक्लारेननं नॉरिसची चारही चाकं 1.80 सेकंदांत बदलली. तो विक्रम होता. आमच्या गॅरेजवाल्याने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग हळू करून चार वेळा बघितलं आणि म्हणाला, गन सोडल्याचा आणि चाक निघाल्याचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही.

आणि इथेच त्या शर्यतीचं गुपित होतं. एरवी ड्रायव्हर टायर जपतो. वळणाला थोडा हात सैल, सरळ रस्त्यावर थोडी उसंत, त्यात त्याचंही अंग सावरतं. इथे 18 लॅपनंतर टायर टाकायचाच आहे, मग जपायचा कशाला? सगळे पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत पात्रता फेरीच्या जोराने पळत होते. वेगाची वळणं, एकामागे एक उजवी, मान एकाच बाजूला ओढलेली, आणि हवा अशी की घाम निघून उपयोग नाही. कर्बने टायर कमजोर केले, टायरने लॅप कमी केले आणि कमी लॅपनी माणसं मोडली. नुसती गरमी म्हणून ही शर्यत लोकांनी लक्षात ठेवलीय, ते अर्धंच खरं.

ओकॉनला पंधराव्या लॅपच्या आसपास हेल्मेटमध्येच उलटी झाली, तरी त्याने शर्यत पुरी केली. अलॉन्सोनं सीट भाजतेय म्हणून पिटमध्ये अंगावर पाणी टाकायला सांगितलं. लोगन सार्जंटला गाडी सोडावी लागली. अल्बनला शर्यतीनंतर वैद्यकीय केंद्रात नेलं, स्ट्रोल गाडीतून उतरताना धडपडला. व्हर्स्टापेन जिंकला, पियास्त्री पाच सेकंदांच्या आत दुसरा, नॉरिस तिसरा, आणि पहिल्या वळणावर शेवटाला गेलेला रसेल चौथा. पोडियमच्या आधीच्या खोलीत हे तिघे पसरलेले मोठ्या पडद्यावर दिसत होते. नॉरिस खुर्चीत, पियास्त्री जमिनीवर. एरवी या खोलीत गप्पा चालतात.

निजामाबादच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही बसून राहिलो. स्टँड रिकामं झाल्यावर ट्रॅकवर झाडूवाल्या गाड्या आल्या. टायरच्या रबराचे काळे तुकडे कडेला इतके साचले होते की ब्रशमधून घरंगळताना दिसत होते.

सोमवार: मोटारींचं प्रदर्शन आणि परत

रात्रीचं विमान असेल तर सोमवार हातात राहतो. त्या आठवड्यात जिनिव्हाचं प्रसिद्ध मोटार प्रदर्शन पहिल्यांदा दोह्यात भरलं होतं. डीईसीसी नावाचं मेट्रो स्टेशन, उतरलं की समोर. दोन-तीन तास पुरतात. ज्यांना गाड्या पुरे झाल्या त्यांनी राष्ट्रीय संग्रहालय बघावं. वाळवंटातल्या वाळूच्या फुलासारख्या स्फटिकावरून ज्याँ नुव्हेलनं इमारत बेतलीय, 2019 ला उघडली. आत मोत्यांच्या धंद्याचं दालन आहे. तेलाआधी हा देश मोत्यांवर जगायचा आणि पाणबुडे उन्हाळाभर समुद्रात असायचे, हे तिथे नीट कळतं.

यापुढे जाणाऱ्यांसाठी बदललेलं चित्र. 2024 पासून शर्यत नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला सरकलीय. हवा तेव्हा सुखाची असते, उलट रात्री वाऱ्याला पातळ जाकीट लागतं. टायरचं दुखणं पुरतं गेलेलं नाही: 2025 मध्ये सेटला 25 लॅपची मर्यादा होती, म्हणजे 57 लॅपना निदान दोन थांबे. त्या वर्षी सातव्या लॅपला सेफ्टी कार आली, जवळजवळ सगळे पिटमध्ये वळले आणि पुढे असलेल्या मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेरच राहिल्या. शर्यत व्हर्स्टापेननं नेली. ज्या वर्षी लॅपची अशी मर्यादा जाहीर होईल, त्या वर्षी पिटसमोर बसा, एरवी टेकडी बरी. ड्रायव्हरांसाठीही 2023 नंतर नियम आला: उष्णतेचा निर्देशांक 31 अंशांच्या पुढे जाणार असेल तर गाडीत गार द्रव फिरवणाऱ्या बनियनची सोय बसवावी लागते. हा इशारा पहिल्यांदा 2025 मध्ये सिंगापूरला दिला गेला. त्या वर्षी काही ड्रायव्हरांना त्या नळ्या रुततात म्हणून बनियन नको होतं, त्यांना त्याऐवजी जादा वजन गाडीत वागवावं लागलं.

घरी बसून बघणाऱ्यांना 2023 ची आठची शर्यत साडेदहाला दिसली, 2024 आणि 2025 ची सातची साडेनऊला. सोमवारी कामावर जायचं असेल तर शेवटचे पंधरा लॅप तेवढे बघा, पण थांब्यांचा हिशेब आधी कागदावर मांडून.